मावशी म्हणता, मग हातमोजे कुठं आहेत?

“मावशी, इथं जरा पुसून घ्या हो.”

परळ-लालबागच्या कुठल्याही दवाखान्यात तासभर बसा, हे वाक्य दोन-चारदा तरी कानावर येईल. काय पुसायचं ते कुणी सांगत नाही. बाळंतिणीच्या खाटेखालचं रक्त असतं, ड्रेसिंगच्या टेबलाखालचं असतं, सलाईन काढताना फरशीवर लागलेली धार असते. मावशी येते. हातात बादली आणि फडकं, बादलीत फिनेलचं पांढुरकं पाणी. पदर खोचून ती उकिडवी बसते, पुसते, फडकं पिळते, पुन्हा पुसते. पिळते ती उघड्या हातांनी. हाताला भाजी चिरताना कापलेलं असतं, साबण-सोड्यानं बोटांना भेगा पडलेल्या असतात. दोन मिनिटांत फरशी लख्ख होते. डॉक्टर येतात, नातेवाईक येतात, कामं पुढं चालू होतात. मावशीच्या हातांचं पुढं काय झालं, ते कुणी विचारत नाही.

मैत्रिणींनो, आपल्या या मुंबईत नाती फार स्वस्त आहेत. इस्पितळात सफाई करणारी बाई मावशी, झाडूवाला मामा. ऐकायला बरं वाटतं, माणुसकी वाटते. पण आपल्या सख्ख्या मावशीला आपण परक्या माणसाचं रक्त उघड्या हातांनी पिळायला लावू का? मावशी म्हटलं की पगाराचं बोलता येत नाही, हातमोजे मागता येत नाहीत, ‘हे माझं काम नाही’ म्हणता येत नाही. नात्याचा शब्द वापरायचा आणि कामगाराचा हक्क बुडवायचा, अशी ही साधी युक्ती आहे. घरात आपल्याला ‘गृहलक्ष्मी’ म्हणून फुकट राबवतात, त्याच जातीची.

सुई टोचली, आणि पुढं?

आमच्या रविवारच्या बैठकीला लालबागच्या चाळीतली एक बाई यायची. नवरा गिरणीत होता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि हिच्या नवऱ्यासारख्या कित्येकांना पुन्हा आत जाता आलं नाही. तेव्हा गिरणगावातल्या बायका मिळेल त्या कामाला लागल्या. कुणी खानावळ काढली, कुणी पापड लाटले, कुणी माटुंगा-दादरला धुणीभांडी धरली. ही एका छोट्या नर्सिंग होममध्ये सफाईला लागली आणि वीस वर्षं तिथंच राहिली.

एकदा कचऱ्याची पिशवी बांधताना तिच्या तळहाताला सुई टोचली. सुई पिशवीत असायलाच नको होती, पण होती. तिनं सिस्टरला सांगितलं. सिस्टर म्हणाली, “धुऊन टाका, काही होत नाही.” तिनं बोट दाबून दाबून रक्त काढलं, वर हळद लावली आणि पुढची खोली झाडायला घेतली. कुठल्या पेशंटची सुई, ते कुणी पाहिलं नाही. वहीत नोंद नाही, तपासणी नाही, औषध नाही. पुढं तीन-चार वर्षांनी दुसऱ्याच कारणानं रक्त तपासलं, तेव्हा कळलं की तिला ‘बी’ प्रकारची कावीळ आहे आणि ती यकृतात घर करून बसली आहे. त्याच सुईनं झाली का? सिद्ध करता येत नाही. आणि सिद्ध करता येत नाही, हीच मालकाची सोय. नोंद ठेवायची नाही, मग पुरावा राहत नाही, मग जबाबदारीही राहत नाही.

तिला सगळ्यात जास्त कशाचं दुःख होतं, सांगू? आजाराचं नव्हे. सुनेनं तिची ताट-वाटी वेगळी केली, त्याचं. बी काविळीचा जंतू ताटावाटीतून पसरत नाही. पण हे त्या सुनेला कुणी सांगितलं होतं?

विटाळ आम्हाला, जंतूही आम्हालाच

रक्ताशी आपली ओळख जुनी. बाराव्या-तेराव्या वर्षी ‘कावळा शिवला’ म्हणून कोपऱ्यात बसवलं, तिथून ती सुरू होते. देवाला शिवू नको, लोणच्याला हात लावू नको. बाळंतपणाचा विटाळ, सोयराचा विटाळ. ज्या रक्तातून जगातला प्रत्येक पुरुष जन्मला त्या रक्ताला घाण म्हणायचं, आणि ते काढायला सुईण बोलवायची, तीही बहुतेक वेळा खालच्या मानलेल्या जातीची. मूल जन्माला घालून देणारे हात अस्पृश्य, आणि जन्मलेलं मूल पवित्र!

आता गंमत बघा. बाईचं मासिक पाळीचं रक्त अपवित्र नाही, तरी त्यासाठी शेकडो नियम आणि पहारे. इस्पितळातलं, अपघातातलं अनोळखी माणसाचं रक्त खरोखर धोक्याचं असू शकतं, तर तिथं एक नियम पाळला जात नाही. खोट्या विटाळाला सोवळं आहे, खऱ्या जंतूला हातमोजा नाही. कारण उघड आहे. सोवळं बाईला आणि दलिताला लांब ठेवण्यासाठी होतं, हातमोजा त्यांना वाचवण्यासाठी आहे. पहिल्यासाठी समाजाकडे हजारो वर्षं वेळ होता, दुसऱ्यासाठी वेळ नाही आणि पैसाही नाही.

सफाईचं काम कोण करतं, याचं उत्तर मुंबईत जातीत आहे. लाड समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. कुटुंबं त्यावर उभी राहिली, हे खरं. पण त्याच वाटेनं आईचा झाडू सुनेच्या हातात आला, हेही खरं. आणि आता तर ती कायम नोकरीही आटत चालली. तिच्या जागी ठेकेदार आला. काम तेच, जात बहुधा तीच, फक्त पगार निम्मा आणि हक्क शून्य.

या शहराचं ‘स्पिरिट’ पुसतं कोण?

१२ मार्च १९९३. दादरच्या प्लाझापाशी, वरळीच्या सेंच्युरी बाजारपाशी, शेअर बाजारात, असे शहरभर स्फोट झाले. २५७ माणसं गेली. ११ जुलै २००६ ला लोकलच्या डब्यांत स्फोट झाले आणि दुसऱ्या दिवशी लोक पुन्हा त्याच गाड्यांना लोंबकळत कामावर गेले. २६ नोव्हेंबर २००८ ला सीएसटीच्या फरशीवर रक्ताचा सडा पडला. प्रत्येक वेळी वर्तमानपत्रांनी मुंबईच्या ‘स्पिरिट’चं कौतुक केलं. पण स्टेशनची फरशी आपोआप धुतली गेली नाही. कॅज्युअल्टीची स्ट्रेचरं आपोआप स्वच्छ झाली नाहीत. कुणीतरी खाली बसून ते रक्त, त्या काचा, ती चपला-डब्यांची रास उचलली. त्यांच्यातल्या कितीजणांकडे जाड हातमोजे होते? कितीजणांना लस दिलेली होती? सत्कारांच्या यादीत त्यांचं नाव मला तरी कधी दिसलं नाही.

मे २०२० मध्ये इस्पितळांवर हेलिकॉप्टरमधून फुलं टाकली. त्याआधी मार्चमध्ये थाळ्या वाजवल्या. फुलं खाली पडली, ती झाडून कुणी काढली असतील, सांगायला नको. तोंडाला पानं पुसणं ऐकलं होतं, फुलं पुसणं तेव्हा पाहिलं.

आणि ही गोष्ट आजची नाही. १८९६ ला मुंबईत प्लेग आला तेव्हा श्रीमंत बंगले सोडून पळाले. त्या वेळी म्युनिसिपालिटीला सगळ्यात मोठी धास्ती कशाची होती? हलालखोर, म्हणजे मैला काढणारे सफाई कामगार, शहर सोडून गेले तर काय, याची. तेव्हाही शहराला त्यांची गरज कळत होती. किंमत मात्र द्यायची नव्हती. त्याच प्लेगाची लस शोधणाऱ्या हाफकिनची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळला आली. परळ म्हणजे लशीचं गाव! केईएम, वाडिया, टाटा, सगळी मोठी इस्पितळं दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर. आणि याच परळच्या खोल्यांमधून सकाळी सातच्या पाळीला छोट्या-मोठ्या दवाखान्यांकडे निघणाऱ्या कित्येक मावशींना बी काविळीची लस असते, हेही ठाऊक नसतं.

जंतू काय म्हणतो

थोडं शास्त्र समजून घेऊ, कारण घाबरवून काम होत नाही आणि अंधारात ठेवूनही होत नाही.

रक्तातून मुख्यतः तीन आजार पसरतात: बी कावीळ, सी कावीळ आणि एचआयव्ही. धडधाकट कातडीवर रक्त पडलं तर सहसा काही होत नाही. धोका असतो तो टोचण्याचा, कापण्याचा, भेगाळलेल्या हाताचा, डोळ्यात-तोंडात उडालेल्या थेंबाचा. एचआयव्ही असलेल्याची सुई टोचली तर हजारात सुमारे तीन जणांना लागण होते. सी काविळीत शंभरात दोनच्या आसपास. आणि लस न घेतलेल्या बाईला बी काविळीच्या रुग्णाची सुई टोचली तर शंभरात सहापासून तीसपर्यंत! शिवाय बी काविळीचा जंतू वाळलेल्या डागातही निदान सात दिवस तग धरतो. म्हणजे ‘सुकलंय, आता काय होतंय’ हे खोटं.

लोक एचआयव्हीला घाबरतात आणि रुग्णाला वाळीत टाकतात. खरा मोठा धोका बी काविळीचा, आणि नेमकी तिच्यावरच लस आहे. १९८० च्या दशकापासून आहे. तीन टोचण्या: पहिली आज, दुसरी महिन्यानं, तिसरी सहा महिन्यांनी. आता बाळांना ती सरकारी लसीकरणात मिळते, पण देशभर ती पोचायला २०११-१२ उजाडलं. आज तीस-चाळीस-पन्नाशीत असलेल्या आपल्या मावश्यांना लहानपणी ती मिळालेलीच नाही. आणि ठेकेदार मध्येच बदलला की पहिल्या दोन टोचण्यांचा कागदही त्याच्याबरोबर जातो.

कायदा आहे, कपाटात आहे

‘कायदा हवा’ असं म्हणायची आपल्याला सवय आहे. इथं कायदा आहे. जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम १९९८ मध्ये आले, २०१६ मध्ये नव्यानं आले. त्यात लिहिलंय की हा कचरा हाताळणाऱ्या सगळ्यांना, फक्त डॉक्टर-नर्सला नव्हे, बी कावीळ आणि धनुर्वाताची लस द्यायची. कामावर घेताना आणि नंतर दरवर्षी आरोग्य तपासणी करायची. प्रशिक्षण द्यायचं. हातमोजे, बूट, मास्क पुरवायचे. आणि ही जबाबदारी संस्थेचा ताबा ज्याच्याकडे आहे त्याची. ‘ती आमची नाही, ठेकेदाराची बाई आहे’ म्हणून हात वर करता येत नाहीत.

एचआयव्हीबद्दलचा कायदा २०१७ चा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. त्याचं १९ वं कलम म्हणतं की रक्ताचा धोका असलेल्या कामाच्या जागी मालकानं तिथल्या सगळ्यांना संरक्षणाची साधनं आणि शिक्षण द्यायचं, आणि टोचलं-कापलं तर त्यानंतरचं प्रतिबंधक औषधही द्यायचं. कामातून लागलेला संसर्गजन्य आजार हा धंद्याचा आजार आहे, हे १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्यात होतं, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनं ती यादी पुढं चालवली आहे.

अमेरिकेत हे कसं झालं? तिथल्या कामगार संघटनांनी १९८६ मध्ये सरकारकडे अर्ज केला, पाच वर्षं पाठपुरावा केला, आणि १९९१ मध्ये नियम आला: रक्ताशी संबंध येणाऱ्या प्रत्येक कामगाराला कामावर लागल्यापासून कामाच्या दहा दिवसांत बी काविळीची लस, तीही मालकाच्या खर्चानं. तिथं मालक शहाणे म्हणून हे झालं नाही. संघटना मागं लागल्या म्हणून झालं.

त्यांची कारणं, आमची उत्तरं

“दिले तरी या बायका हातमोजे घालत नाहीत.” कुठले दिले? तपासणीचे पातळ, एकदा वापरायचे. ते काचेनं फाटतात, सुईला अडवत नाहीत. जाड दिले तर पुरुषांच्या मापाचे, त्यात बोटं हरवतात, ओलं फडकं धरता येत नाही. बूट आठ नंबरचे. मापाचं द्या, रोज द्या, आणि मग बोला.

“खर्च परवडत नाही.” रिसेप्शनच्या काचेच्या दारांना परवडतो, एसीला परवडतो. जाड रबरी मोजे आणि तीन टोचण्या परवडत नाहीत?

“हे काय, साधं अंगमेहनतीचं काम.” साधं आहे ना? मग एक दिवस ट्रस्टींनी करून दाखवावं. सांडलेलं रक्त जंतू न पसरवता उचलणं हे कौशल्य आहे. ते चुकलं तर ऑपरेशन थिएटर बंद पडतं. पण बाईच्या हातात आलं की कौशल्याचं ‘घरकाम’ होतं आणि घरकामाची किंमत शून्य.

“कपडे घरी बदलता येतात.” येतात ना! रक्त लागलेल्या निऱ्या घेऊन लोकलनं घरी जायचं आणि दहा बाय दहाच्या खोलीत पोरांच्या कपड्यांबरोबर त्या धुवायच्या. कपडे बदलायची सुरक्षित खोली ही चैन नव्हे. २७ नोव्हेंबर १९७३ ला केईएममध्ये अरुणा शानबागवर हल्ला झाला, तेव्हा ती ड्युटी संपवून तळघरात कपडे बदलायला गेली होती. बेचाळीस वर्षं ती अंथरुणाला खिळून होती, १८ मे २०१५ ला गेली. तिच्यानंतरही कपडे बदलायच्या खोलीसाठी बाईला भांडावं लागत असेल, तर आपण काय शिकलो?

नीट कसं पुसायचं

हे पान फाडून भिंतीला लावा. रक्त सांडलं तर:

१. आधी माणसांना बाजूला करा. खिडकी उघडा. जाड रबरी मोजे, मास्क आणि बंद बूट घाला. पदर-ओढणी घट्ट खोचा.

२. काच, सुई, ब्लेड हातानं उचलायचं नाही. चिमट्यानं किंवा पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांनी उचला. सुई-ब्लेड टोचणार नाही अशा पांढऱ्या डब्यात टाका, काच निळ्या खुणेच्या खोक्यात.

३. रक्तावर जुनी वर्तमानपत्रं, कापूस किंवा फडकं टाका. ते झाकलं पाहिजे. आधी पुसू नका, पसरतं.

४. वरून १ टक्का हायपोक्लोराइटचं पाणी ओता. ५ टक्क्यांची बाटली असेल तर एक भाग औषध, चार भाग पाणी. चांगली ब्लीचिंग पावडर असेल तर एक लिटर पाण्यात ३०-३५ ग्रॅम. हे पाणी रोज ताजं करायचं, शिळं झालं की जोर जातो. नुसत्या फिनेलवर भिस्त ठेवू नका, ते वास मारतं.

५. अर्धा तास थांबा. घाई करणाऱ्याला सांगा, ‘औषध काम करतंय.’ मग सगळं गोळा करून दवाखान्यात पिवळ्या पिशवीत टाका. जागा पुन्हा त्याच पाण्यानं आणि नंतर साध्या पाण्यानं पुसा.

६. ब्लीचिंगमध्ये ॲसिड किंवा संडास धुवायचं औषध कधीही मिसळू नका. विषारी वायू निघतो, जीव गुदमरतो.

७. मोजे काढल्यावर हात साबणानं धुवा.

सुई टोचली तर साबणानं वाहत्या पाण्याखाली धुवा. दाबून रक्त काढू नका, बोट तोंडात घालू नका, ब्लीच-स्पिरिट-हळद लावू नका. लगेच सांगा आणि लिहून घ्यायला लावा: तारीख, वेळ, जागा. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध होता होईल तो दोन तासांत सुरू व्हावं. ७२ तासांनंतर त्याचा उपयोग नाही. ते २८ दिवस घ्यायचं असतं. बी काविळीची लस झाली नसेल तर तीही त्याच दिवशी मागा.

आणि हे फक्त इस्पितळापुरतं नाही. कमला मिल, फिनिक्स मिलच्या जागी उभ्या राहिलेल्या कचेऱ्या नि मॉलमधली हाऊसकीपिंगची पोरगी, गिरगावातल्या म्हाताऱ्या आजोबांचं डायपर बदलणारी आणि इन्शुलिनच्या सुया केराच्या डब्यातून काढणारी कामवाली, ब्यूटी पार्लरमधली बाई, कचरा वेचणारी, या सगळ्यांच्या हाताशी रक्त येतं. पुण्यात कचरा वेचकांच्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या बायकांनी वापरलेल्या सॅनिटरी पॅडची पोती भरून ती बनवणाऱ्या कंपन्यांकडे परत पाठवली होती, ते आठवतं ना? निदान आपण आपलं पॅड कागदात गुंडाळून, त्यावर लाल ठिपका काढून द्यायला तरी शिकलो का?

आता आपल्याबद्दल

सगळा दोष मालकावर टाकून मोकळं होता येणार नाही. कामगार संघटनांच्या मागणीपत्रात महागाई भत्ता पहिल्या पानावर आणि हातमोजे शेवटच्या ओळीत, वाटाघाटीत सगळ्यात आधी सोडून द्यायला. आणि आपण? स्त्री चळवळीनं पाळीच्या रक्तावर बोलायचं धाडस केलं, मारहाणीच्या रक्तावर मोर्चे काढले, आणि ते बरोबरच केलं. पण रक्त पुसणाऱ्या बाईवर आपण किती बोललो? आपल्यातल्या कितीजणींच्या घरी मुलाचा गुडघा फुटला की रक्ताळलेलं फडकं कामवालीच्या बालदीत पडतं? बहीणपण फरशीपर्यंत उतरलं नाही, तर ते बहीणपण कसलं?

म्हणून या तिमाहीत प्रत्येक गटानं आपल्या वस्तीतला एक दवाखाना घ्यावा. मोठाच हवा असं नाही, गल्लीतलं नर्सिंग होम चालेल. आत जायच्या आधी मावशींना बाहेर चहाला भेटा, कारण आत त्या बोलू शकणार नाहीत. पाच प्रश्न विचारा: लस झाली का, कागद हातात आहे का? मोजे मापाचे आहेत का? टोचलं तर नोंदवही कुठं आहे? कपडे बदलायला खोली आहे का? गेल्या वर्षी आरोग्य तपासणी झाली का? उत्तरं लिहून काढा, बाईचं नाव लिहू नका, नाहीतर दुसऱ्या दिवशी ती कामावर नसेल. मग सगळ्यांनी मिळून, एकटीनं नव्हे, व्यवस्थापनाकडे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी द्या. पोचपावती घ्या.

आमच्या बैठकीतली ती बाई आता येत नाही, जिने चढवत नाहीत. शेवटची आली होती तेव्हा एका नव्या, विशीतल्या पोरीला सांगत होती, “मी विचारलं नाही म्हणून मला मिळालं नाही. तू विचार.” पोरगी म्हणाली, “मावशी, विचारलं तर काढून टाकतील.” म्हातारी थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “एकीनं विचारलं तर काढतील. दहाजणींनी विचारलं तर फरशी कोण पुसणार?”